अक्का आधी हसायची

अक्का हसायची आणि मी पेनाचं टोपण काढून वाट बघत बसायचो. तिच्या मांडीवर तमिळ मासिक उघडं असायचं, पुढ्यात निवडायला घेतलेली भाजी तशीच पडलेली असायची, आणि बाईचं हसणं काही थांबायचं नाही. पदरानं डोळे पुसून ती पुन्हा त्याच ओळीवर जायची आणि पुन्हा हसायची. काय झालं, असं मी विचारलं की म्हणायची, "थांबा ना मास्तर, मले पयले हासू तं द्या."

ती हसून घेईपर्यंत मला जे वाटायचं त्याला हेवा हाच शब्द आहे. संपादकांनी मला तमिळ साहित्य इंग्रजीत नेण्याच्या कलेविषयी लिहा म्हणून सांगितलं आहे. कलेचं मला नक्की माहीत नाही. हे काम मी बरीच वर्षं केलं आणि त्यातला निम्मा वेळ मी जळत होतो, हे मात्र नक्की माहीत आहे, तेव्हा त्याबद्दलच लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करतो. मला तमिळ येत नाही. माझा जन्म कुहीचा, धानाच्या बांधावरचा. मराठी आईची, हिंदी नागपूरच्या रस्त्यावरची आणि इंग्रजी पगाराची. नागपूरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचो आणि अजनीला रेल्वे क्वार्टर्सच्या मागं भाड्यानं राहायचो. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. तिथंच एका गार्डच्या मुलीला शिकवायला मी जाऊ लागलो. गार्डचं नाव मुरुगेसन आणि त्यांची बायको शेनबगम, म्हणजे चाफा. क्वार्टर्सची सगळी लाइन तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. ती तिरुनेलवेलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. मग ती मराठी शिकली ती भाजीवाल्यांकडून आणि नळावरच्या बायकांकडून. त्यामुळं तिची मराठी अशी झाली होती की पुण्याचा माणूस असता तर त्याला दुभाषा लागला असता.

पहिल्याच दिवशी मी तिच्या दारातल्या रांगोळीवरून सायकल नेली. तांदळाच्या पिठाची, ठिपके आणि त्यांच्याभोवती वळणं घेत जाणाऱ्या रेघा. तिच्याकडं त्याला कोलम म्हणतात. पहाटे उठून दारात पाणी शिंपडायचं आणि कोलम काढायचा, रोज. सणवार असो की नसो. अक्का तापानं फणफणलेली असली तर मुरुगेसन स्वतः उठून वेडेवाकडे चार ठिपके मारायचे आणि लाइनीतल्या बायका दिवसभर त्यावर हसायच्या, पण दार कोरडं राहायचं नाही. माझ्या सायकलीच्या चाकाची रेघ पाहून अक्का जे बोलली ते तमिळमध्ये होतं आणि तरीही मला नीट समजलं.

मद्रासहून येणाऱ्या गाड्यांवरच्या ओळखीच्या लोकांकडून मुरुगेसन बायकोसाठी मासिकं आणायचे. एकदा मी मुलीला निबंध सांगत असताना अक्का आत हसत सुटली. मी विचारलं, तिनं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं जावयाचा पाहुणचार टाळण्यासाठी काय काय केलं याची ती गोष्ट होती. अक्कानं ती अशी सांगितली की तो म्हातारा मला कुहीच्या बाजारात भेटल्यासारखा वाटला. घरी जाऊन मी ती इंग्रजीत उतरवली, लेखकाची परवानगी मागवली, आणि दिल्लीच्या एका त्रैमासिकाकडं पाठवली. ती छापून आली. खाली आम्हा दोघांची नावं होती, तिचं आधी. मी संपादकांना क्रम बदलता येईल का म्हणून विचारण्याचा मसुदाही केला होता. बायकोनं तो पाहिला आणि इतकी हसली की मी तो पाठवला नाही.

तर आमचं काम असं चालायचं. अक्का आधी सगळं एकटी वाचून काढायची. मग मला मराठीत सांगायची. मग एकेक परिच्छेद घेऊन, शब्दाला शब्द धरून सांगायची आणि मी इंग्रजी लिहायचो. शेवटी मी माझं इंग्रजी तिला मराठीतून ऐकवायचो आणि ती मान हलवायची किंवा हलवायची नाही. बोलता बोलता ती थांबली की परिच्छेद संपला, हे आमच्यात न ठरवता ठरलं होतं. तिरुनेलवेलीची तमिळ अजनीच्या मराठीत उतरून मग इंग्रजीत चढत होती. दिल्लीत आमचं कौतुक करणाऱ्या विद्वानांना हा रस्ता कळला असता तर त्यांनी पाणी मागितलं असतं.

अडचणी कसल्या येतात म्हणाल, तर कठीण शब्दांच्या येत नाहीत. कठीण शब्दाला कोश असतो. सोप्या गोष्टी मारतात. एका कथेत मुलीचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी होतं. तिकडं बहिणीच्या मुलीवर धाकट्या मामाचा पहिला हक्क. आपल्याकडं मामाची मुलगी चालते, खुद्द मामा चालत नाही, म्हणून मीसुद्धा जरा दचकलोच. मी मामाला 'अंकल' हा इंग्रजी शब्द घातला आणि दिल्लीच्या संपादकांनी काळजीनं विचारलं की या कथेत काही गुन्हा घडतो आहे का. अक्काला सांगितलं तर म्हणाली, "मामाशी नाही करन तं मंग कोणाशी करन?" मी मग नातं गाळून नुसतं त्या माणसाचं नाव ठेवलं. अक्का दोन दिवस नीट बोलली नाही. नातंच काढून टाकलं तर लग्नात राहिलं काय, असं तिचं म्हणणं. शेवटी मामाला मामाच ठेवलं आणि इंग्रजी वाचकाला म्हटलं, बाबा, तुझं तू बघ. त्यानं बघितलंही. वाचक आपल्याला वाटतो तितका लेचापेचा नसतो.

एके ठिकाणी मात्र माझी बाजू वरचढ होती. धानाची. तिच्या माहेरी कापडाचं दुकान, तिनं चिखलात पाय घातला नव्हता. रोवणीचं एक प्रकरण आलं, बायका ओळीनं मागं सरकत रोपं लावताहेत असं. ते मी तिला समजावून सांगितलं. बांधावर बसून पाण्यातला शिळा भात कांद्याबरोबर खाणं म्हणजे गरिबी नव्हे, उन्हाळ्यातली चैन आहे, हेही मला कुणी सांगावं लागलं नाही. त्या आठवड्यात मी घरी गाणी गुणगुणत होतो असं बायको सांगते. बायको भिवापूरची, तिथल्या मिरचीला जागणारी. ती म्हणाली, "अक्काले येते ते तुमाले येत नाही, याचंच दुखून राहिलं तुमाले." मी म्हटलं, तसं काही नाही. पण तसंच होतं.

एकदा मी तमिळ अक्षरं शिकायला घेतली, अक्काला न सांगता. बालपोथी आणली. पुढं पुढं मला स्टेशनवरच्या पाट्या वाचता येऊ लागल्या. मग एक दिवस अक्का स्वयंपाकघरात असताना मी तिचं मासिक उचललं आणि एक अख्खं पान वाचून काढलं, ओठ हलवत. अक्षरं सगळी आली. हसू कुठंच आलं नाही. अक्का मागं येऊन उभी होती. तिनं तेच पान हातात घेतलं, दोन ओळी वाचल्या आणि हसायला लागली. मी ती बालपोथी लाइनीतल्या एका मुलीला देऊन टाकली.

आता कादंबरीकडं येतो, कारण सगळं तिथंच घडलं. लेखक तिकडचे शाळामास्तर, आमच्या कथा छापून आल्यापासून अक्काशी त्यांचा पत्रव्यवहार होता. तमिळमध्ये, अर्थातच. मला शेवटी एक नमस्कार असायचा. त्यांच्या आधीच्या एका कादंबरीचं भाषांतर मद्रासच्या एका प्राध्यापकांनी केलं होतं, ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या. या गृहस्थांवर मी किती जळलो असेन याची कल्पना वाचकांनी करावी. त्यांना कुणाचं हसणं संपायची वाट पाहावी लागत नव्हती. मी त्यांचं पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं, फक्त चुका शोधण्यासाठी. त्यांनी रोवणीला पेरणी केलं होतं. मी सायकल घेऊन तडक अजनीला गेलो आणि अक्काला ते दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग? तुमाले आनंद कायचा होऊन राहिला?"

नवी कादंबरी कुणाला द्यायची हे लेखकांनी ठरवलं नव्हतं. आम्ही सहा प्रकरणं करून पाठवावीत, ती वाचून ते ठरवणार होते. नाही तर मद्रासचे प्राध्यापक होतेच. मला ती कादंबरी हवी होती. इतकी हवी होती की कॉलेजातून मी थेट अजनीला जायचो आणि बायकोनं जेवायला थांबणं सोडून दिलं होतं. अक्काला पुस्तक आवडलं होतं. मला ते मिळवायचं होतं, आणि मद्रासला मिळू द्यायचं नव्हतं.

त्यातल्या सहाव्या प्रकरणात एक माणूस बऱ्याच वर्षांनी सिलोनहून घरी परततो. गावात शिरतो, गल्लीच्या टोकाशी येतो, आपल्या घराचं दार त्याला दिसतं. अक्का सांगत होती, "दारात काईच काढेल नव्हतं." आणि थांबली. दूध उतू जाईल म्हणून की काय, उठून आत गेली. मी लिहून घेतलं. परत आली आणि म्हणाली की तो माणूस रस्त्यातच बसला. मी तेही लिहिलं.

आमच्या कुहीच्या घरी रांगोळी सणाला. रोज सकाळी शेणाचा सडा, बस. दारात काही काढलेलं नाही म्हणजे साधा दिवस. मी विचार केला, इंग्रजी वाचकाला रांगोळी काय आणि बिनरांगोळी काय. म्हणून लिहिलं, अंगण झाडून स्वच्छ केलेलं होतं. आणि माणूस रस्त्यात का बसला हे वाचकाला कळावं म्हणून माझ्या पदरचा एक शब्द घातला. तो थकून बसला. लांबून आला होता, बसेल नाही तर काय. शेवटी अक्काला ऐकवताना मी म्हटलं, दार दिसतं आणि तो रस्त्यात बसतो. तिनं मान हलवली. गोष्ट तीच होती ना.

मग लेखक दिल्लीला जायला निघाले. गाडी नागपूरवरून जाणार, दुपारी थांबणार, प्लॅटफॉर्मवर भेटू असं ठरलं. अक्कानं चिंचेचा भात केला. मी धुतलेला सदरा घातला आणि मनात दोन-चार वाक्यं तयार करून ठेवली, कादंबरीच्या घडणीविषयी वगैरे. लेखक उतरले. किरकोळ अंगाचे, कपाळावर घाम, हातात आमची टाइप केलेली पानं. अक्कानं वाकून नमस्कार केला आणि दोघं तमिळमध्ये सुरू झाले. गाडी थांबली होती तो सगळा वेळ ते बोलत होते. मी डबा धरून उभा होतो. मुरुगेसन शेजारी होते, पण त्यांचं लक्ष ड्यूटीवरच्या दोस्ताकडं. लेखक पानं उलटत काहीतरी दाखवत होते, अक्का ऐकत होती, मग तिचा चेहरा उतरला, मग ती भराभर बोलायला लागली. माझ्याकडं दोनदा हात केला. माझ्याविषयी बोलणं चाललं आहे आणि मला एक शब्द कळत नाही, असा तो प्रकार. त्या वेळी मला दोघांचाही इतका राग आला होता की तो चिंचेचा भात रुळांवर टाकावासा वाटला.

गाडी सुटायच्या बेताला लेखक माझ्याकडं वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुमचं इंग्रजी फार स्वच्छ आहे." मी आभार मानले. ते म्हणाले, "तुम्ही माझ्या माणसाचं दारही स्वच्छ करून टाकलंत. त्यानं दारातली कोरडी जमीन पाहिली आणि त्याला कळलं की आई गेली. तुमचा माणूस दमून बसला आहे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं. मग ते चढले, डबा घेतला आणि गाडी गेली.

ज्या घरात माणूस गेलं त्या घरापुढं पाणी शिंपडत नाहीत, कोलम काढत नाहीत. गल्लीतून जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. लेखकानं आई गेल्याचं पुढच्या दोन प्रकरणांत कुठंही लिहिलेलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी ते लिहून झालं होतं. अक्का त्या दिवशी थांबली ती दुधासाठी नव्हती. तिला पुढं बोलता येत नव्हतं. आणि मी समजलो, परिच्छेद संपला.

घरी येताना मी अक्काशी बोललो नाही. तिनं लेखकापुढं सगळं माझ्या माथी मारलं असणार, हे मी धरूनच चाललो होतो. पुढंही बरेच दिवस मी अजनीकडं फिरकलो नाही. मद्रासच्या प्राध्यापकांचे हात त्या पुस्तकाला लागलेले मला रोज दिसायचे. शेवटी मुरुगेसन घरी आले, गार्डच्या पांढऱ्या कपड्यांतच, आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "तिनं त्याईले सांगतलं का चूक तिची हाये. मी सांगतलं तसं मास्तरनं लिवलं, म्हणे. आन हे पुस्तक दुसऱ्याले दिलं तं मी तुमचं वाचणंच सोडून देईन, म्हणे."

कादंबरी आम्हालाच मिळाली होती. लेखकांचं तसं पत्र अक्काकडं येऊन पडलं होतं आणि ती माझी वाट पाहत होती. मी कपडे बदलून निघालो. एखाद्याला अशा वेळी लाज वाटली असती, मलाही वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हेवा वाटला. भर प्लॅटफॉर्मवर, आवडत्या लेखकासमोर, दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेणं मला जमलं नसतं. हेही तिलाच यायचं.

दुरुस्ती मात्र सोपी निघाली. अक्काला आठवलं की पहिल्या प्रकरणात आजोबा वारतात त्या दिवशी धाकटी मुलगी पिठाचा डबा घेऊन दारात जायला निघते आणि आई तिचा हात धरते. मी ते गाळलं होतं, बारीकसारीक तपशील म्हणून. लेखकानं परक्या माणसासाठीही सोय केलेली होती आणि मी ती काढून टाकली होती. तो प्रसंग जागेवर ठेवला, 'थकून' हा शब्द खोडला, दार कोरडं केलं. या धंद्यात आपण घातलेल्या शब्दांपेक्षा आपण गाळलेल्या गोष्टी जास्त घात करतात, एवढं एक मी कुणी शिकायला आलंच तर सांगतो.

पुस्तक निघालं. लोकांनी वाचलं, एका परीक्षणात भाषांतरकारांना त्या गावची माती ठाऊक आहे असंही म्हटलं होतं. 'भाषांतरकारांना' हे अनेकवचन मला तेव्हाही थोडं खुपलं. स्वभावाला औषध नसतं. अक्काला मी परीक्षण मराठीत करून ऐकवलं तर ती म्हणाली की माती तुमची आणि दार माझं. मग भाजी निवडायला लागली.

नंतर बरीच वर्षं आम्ही काम केलं. तिची मुलगी लग्न होऊन भिलाईला गेली, मुरुगेसन निवृत्तीला आले, माझा चष्मा जाड झाला. रोजचा क्रम तोच. एक मात्र बदललं होतं. अजनीच्या वळणावर आलो की मी आधी तिच्या दारापुढची जमीन पाहायचो. ती ओली असायची, पांढऱ्या रेघा असायच्या, मी सायकल उचलून पलीकडं ठेवायचो. आत ती पुस्तक उघडून बसलेली असायची आणि माझ्या आधी हसायची किंवा माझ्या आधी गप्प व्हायची. एका तरी गोष्टीत तिच्या आधी आपल्याला कळावं, तिनं सांगायच्या आत, ही माझी इच्छा काही गेली नव्हती.

दुसरी कादंबरी अर्ध्यावर आली होती. आदल्या दिवशी अक्का छातीत भरून आल्यासारखं वाटतंय म्हणत होती, पण एका न्हाव्याचं प्रकरण सांगताना हसली होती आणि मला नेहमीप्रमाणं थांबवून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी न्हाव्याची पानं घेऊन सकाळीच निघालो.

वळणावरून मला दार दिसलं. उघडं होतं. पुढची जमीन कोरडी होती. पाणी नव्हतं, पीठ नव्हतं, मुरुगेसनचे वेडेवाकडे चार ठिपकेही नव्हते. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई दुधाची बाटली घेऊन समोरून येत होत्या. त्या म्हणाल्या, "काहून उभे राहिले मास्तर? जा ना अंदर." त्यांना काही माहीत नव्हतं. त्या अख्ख्या लाइनीत ती जमीन वाचता येणारा मी एकटा होतो. अक्का गेली हे मला कुणी सांगितलं नाही, मी ते माझं मी वाचलं, सगळ्यांच्या आधी.

मी सायकल भिंतीला टेकवली आणि रस्त्यातच बसलो. थकलो नव्हतो.